नऊ कमी

मंगळवारी चाळीस दिल्या,
एकतीस परत आल्या.
रजिस्टरात रकाने दोनच: दिलेल्या, आलेल्या.
न आलेल्यांचं काय करायचं ते माझं मी बघायचं,
रे रोडच्या पुलाखाली
चिमटा आणि पांढरा डबा घेऊन.

आई साड्यांना फॉल लावायची.
दिवे लागले की सुया मोजायची.
एक जरी कमी भरली तरी जेवण थांबायचं.
ताटं वाढलेली, आम्ही चौघं भिंतीला टेकून, पाय वर घेतलेले,
आणि ती दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक
फरशीवरून फिरवतेय, खाटेखाली, मोरीच्या कठड्यापर्यंत.
"पोरांच्या पायात जाईल," एवढंच म्हणायची.
कुणी हरवली, हे तिनं कधीच विचारलं नाही.

माझ्या हातात सुई आली तेव्हा मी तेवीसचा.
एका सुईत तिघं: मी, मुरुगन
आणि कुर्ल्याहून यायचा तो, ज्याला आम्ही नुसतं मास्तर म्हणायचो.
नळाच्या पाण्यानं धुतली की झाली, हे आमचं शास्त्र.
मुरुगन गेला तेव्हा फॉर्मवर
नातेवाईक म्हणून माझी सही आहे. नातं: मित्र.
कारकुनानं ते खोडून भाऊ लिहिलं.

पेपरात आम्ही सगळे एका शब्दात मावतो, गर्दुल्ले.
आकडासुद्धा द्यावा लागत नाही.

भंगारवाले मस्कती शेठ म्हणतात,
तुम्हीच सुया वाटता, तुम्हीच बिघडवता.
मी म्हटलं, शेठ, तुमचे हमाल पायात काय घालतात?
ते खाली बघायला लागले.
दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा ठेवायला कोपरा दिला,
पण गिऱ्हाइकांना दिसणार नाही असा.

पास्कलला आता नस सापडत नाही.
कोपरात नाही, घोट्यात नाही,
मांडीपर्यंत शोधून झालंय.
मी सांगतो, सकाळी नऊला केंद्रावर ये,
जिभेखाली गोळी ठेवतात,
विरघळेपर्यंत बोलायचं नाही.
तोरस्कर सिस्टर समोर बसून असतात.
बाकावर पंधरा माणसं तोंड मिटून,
मास्तरांनी पकडलेल्या पोरांसारखी.
त्या बाकावर मी दोन वर्षं गप्प बसलोय.
तो म्हणतो, उद्या.
मी वाद घालत नाही. पाच नव्या देतो,
कापूस, पाण्याची कुपी.
उद्यापर्यंत हात तरी धड राहू दे.

माझ्या रिपोर्टावर लिहून आलंय,
विषाणू सापडत नाही.
सिस्टरना दोनदा वाचायला लावलं.
न सापडणं मला नवं नव्हतं,
सहा वर्षं मी घरात कुणाला सापडलो नव्हतो.
पण हे पेढे वाटण्यासारखं न सापडणं.
"मेला नाहीये हं तो," सिस्टर म्हणाल्या,
"दडून बसलाय. गोळी चुकवलीस की येईल."
रात्री साडेनऊ. रोज.
भांडण झालं तरी, ताप आला तरी, आई गेली त्या रात्रीही.

तिचा लोहचुंबक मी पुलाखाली नेऊन बघितला.
या सुया त्याला लागत नाहीत. वेगळं पोलाद.
वाकूनच उचलाव्या लागतात, एकेक.

शुक्रवारी हसीब आला,
पाण्याच्या बाटलीत चौदा सुया, झाकण घट्ट.
नऊ आमच्या असतील, पाच कुणाच्या कोण जाणे.
"उधर बच्चे खेलते हैं ना," म्हणाला,
आणि बिडी मागितली.
मी रजिस्टरात चौदा लिहिल्या.
हिशेब आता उलटा चुकतोय,
वरून फोन येईल. येऊ दे.

पास्कल आजही आला नाही.
बाकावरची माणसं मात्र
जरा जरा सरकून बसली होती.
मी विचारलं, का रे?
गोळ्या विरघळायच्या होत्या,
कुणी बोललं नाही.